लहान गटातलं समुपदेशन: मुलं कशी निवडली, ते आधी विचारा

प्राथमिक शाळांमध्ये मुलांसाठी जे गट-समुपदेशन चालतं, त्याचा साचा साधारण सारखाच: चार ते सहा मुलं, आठवड्यातून एकदा, सहा ते आठ सत्रं. पहिली-दुसरीला ३० मिनिटं, तिसरी-चौथीला ४०. मैत्री करताना अडखळणारी, पटकन चिडणारी, आईबाबा वेगळे झालेली मुलं यांच्यासाठी ही सेवा आम्हाला खरोखर मोलाची वाटते. पण ती जमणार की फसणार, हे पहिल्या सत्राआधीच ठरतं.

‘वर्गात त्रास देणारी’ पाच मुलं एकत्र पाठवली की गट फसलाच. एकाने खुर्ची ढकलली आणि बाकीचे हसले, की पुढच्या वेळी दुसरा टेबल ढकलतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये किशोरवयीनांच्या गटांबद्दल हाच धोका दाखवला होता: सोबत्यांची दाद मिळाली की वाईट वागणं वाढतं. म्हणून चांगला समुपदेशक प्रत्येक मुलाला आधी एकेकटं भेटतो, पालकांची लेखी संमती घेतो आणि चिडणाऱ्या दोघांबरोबर शांत स्वभावाची दोन-तीन मुलं बसवतो. दादागिरी करणारा आणि ती सोसणारा एका गटात कधीच नकोत. सोसणारं मूल तिथे तोंडच उघडत नाही.

साधनांमध्ये रागाचा तापमापक सगळ्यात कामाचा. ० ते १० आकड्यांची पुठ्ठ्याची पट्टी आणि कपड्यांचा चिमटा, एवढंच. लहान मुलं चिमटा एक तर ० वर लावतात, नाहीतर थेट १० वर. मधले आकडे शरीरावरून शिकवावे लागतात: कान गरम झाले, मुठी आवळल्या, आवाज चढला, तेव्हा चिमटा कुठे? श्वासाचा सराव चिमटा २ वर असतानाच करायचा. कापसाचा बोळा टेबलाच्या कडेपर्यंत फुंकत न्यायचा, पण खाली पडू द्यायचा नाही. उच्छ्वास आपोआप लांबतो. ८ वर पोचलेल्या मुलाला ‘खोल श्वास घे’ म्हटलं तर ते आणखी भडकतं, आणि बऱ्याच ठिकाणी चूक होते ती इथेच.

‘इथलं इथेच’ हा नियमही नीट फोड करून सांगायला हवा. स्वतःचं बोलणं घरी सांगायला हरकत नाही, दुसऱ्याचं सांगायचं नाही; आणि कुणाला इजा होत असेल तर समुपदेशक मोठ्यांना सांगणारच. अर्धवट सांगितलं तर लहान मुलाला तो गुपित ठेवायचा हुकूम वाटतो.

वेळापत्रक हा नेहमीचा कच्चा दुवा. दर आठवड्याला खेळाचाच तास बुडाला तर मुलाला गट म्हणजे शिक्षा वाटते. तास आलटून पालटून घ्यावेत.

गट अचानक संपवणं मात्र आम्हाला अजिबात मान्य नाही. आईबाबांपैकी एकजण घरातून गेलेल्या मुलाला तो पुन्हा तसाच धक्का असतो. किती सत्रं उरली ते शेवटची तीन सत्रं दर वेळी फळ्यावर लिहावं, आणि वर्गशिक्षकांनी गट सुरू होताना मुलाच्या वागण्याबद्दल भरलेली प्रश्नावलीच महिन्याभराने त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्यावी.