द्राक्षं घेताना: हातगाडी की नोंदीची पेटी?
थंडी सरताना नाशकात द्राक्षं दोन वाटांनी घरी येतात. हातगाडीवरची गोड आणि स्वस्त असतात. पण बाग कुणाची, शेवटची फवारणी कधी झाली, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

निर्यातीच्या मालाचं तसं नाही. अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदवहीत बागेची नोंद असते, नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत माग काढता येतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपला माल अडकला, त्याची झळ निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांनी सोसली. ती शिस्त इतकी महागात पडलेली आहे.

म्हणून निर्यातीची द्राक्षं निवडून पेटीत भरणाऱ्या पॅकहाऊसमधून इथे विक्रीला आलेली पेटी मी चार पैसे जास्त देऊन घेते. गाडीवाल्याने बागेचं नाव-गाव सांगितलं, तर त्याच्याकडूनही आनंदाने घेईन.