काट्याचं वजन ऑफिसात: सिरियल-टू-इथरनेट मॉड्यूल
सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या काट्यावरचं वजन ऑफिसातल्या संगणकावर हवं असेल, तर डब्ल्यू५५०० या नेटवर्क चिपवरचं, काट्याचा सिरियल डेटा नेटवर्कवर पाठवणारं हे मॉड्यूल पैसे वसूल आहे. काट्याच्या आरएस-२३२ची (जुन्या पद्धतीच्या सिरियल जोडणीची) केबल १५ मीटरपुढे भरवशाची नाही. इथरनेट, म्हणजे नेटवर्कची केबल, १०० मीटर जातं. मॉड्यूलच्या पिना मात्र ३.३ व्होल्ट टीटीएलच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या सिग्नलच्या. इंडिकेटरचा (काट्याच्या वजन दाखवणाऱ्या डब्याचा) डीबी-९, म्हणजे नऊ पिनांचा आरएस-२३२ कनेक्टर, थेट जोडलात तर मॉड्यूल जळालंच समजा. मधे व्होल्टेज जुळवणारी मॅक्स३२३२ चिप हवीच. अक्षरं अगम्य आली तर बॉडरेट (डेटा पाठवायचा वेग) दोन्हीकडे सारखा आहे का बघा, काहीच आलं नाही तर २ आणि ३ नंबरच्या तारा अदलाबदल करा.

खरी गोम पुढे आहे. टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून डेटा पाठवायची पद्धत, वजनाचे तुकडे करू शकतं: आधी ‘४९.’, मागून ‘८५०’. म्हणून कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) येईपर्यंत वाचत राहायचं. लाइट जाऊन संगणक बंद पडला की मॉड्यूल जुनंच कनेक्शन धरून बसतं. म्हणून कीप-अलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का हे अधूनमधून तपासायची सोय, चालू ठेवा.