‘फुकट’ सीडीएल ट्रेनिंगच्या करारावर सही करण्याआधी हे वाचा

‘सीडीएल मोफत. शिकताना पगार. अनुभवाची अट नाही.’ सीडीएल म्हणजे अमेरिकेत मोठे ट्रक चालवायचं लायसन्स. तिथे ट्रक ड्रायव्हर व्हायचं मनात आलं आणि फोनवर एकदा शोधलं, की दिवसरात्र अशाच जाहिराती दिसायला लागतात. मी अशाच एका जाहिरातीवरून एका मोठ्या ट्रकिंग कंपनीत गेलो. आज त्याच मोफत ट्रेनिंगचं साडेसहा हजार डॉलरचं बिल, वर व्याज, माझ्या नावावर एका वसुली कंपनीकडे पडून आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. पण हा प्रकार एका कंपनीपुरता नाही, आणि ओळखीतली मराठी मुलं मला याच रस्त्याबद्दल विचारत असतात. ग्रीन कार्ड हातात आलंय, वेअरहाउसच्या कामाने जीव मेटाकुटीला आलाय, ट्रकिंगमध्ये पैसा आहे असं ऐकलंय. पैसा आहे, ते खरं आहे. म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

माझ्याशी फोनवर बोलणारा रिक्रूटर हिंदी बोलायचा. परक्या देशात आपली भाषा कानावर पडली की माणूस सैलावतो, आणि त्या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं. मी विचारलं, ट्रेनिंगचे पैसे किती? “एक पैसा नहीं लगेगा, सब कंपनी भरेगी. बस एक साल काम करना है.” आठवड्याला किती सुटतील, यावर त्याने जो आकडा सांगितला तो जुन्या, मुरलेल्या ड्रायव्हरचा होता, हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. करार ईमेलवर पाठवा म्हणालो, तर “वो ओरिएंटेशन में मिलेगा.” तीनदा मागितला, तिन्ही वेळा हेच उत्तर. धोका इथेच ओळखा. ज्या कंपनीचा करार सरळ असतो, ती तो आधी पाठवायला कां कू करत नाही. आधी तुमची नोकरी सुटते, मग बसचं तिकीट येतं, मग तुम्ही घरापासून शेकडो मैलांवरच्या हॉटेलात अनोळखी माणसाबरोबर एका खोलीत राहता, आणि त्यानंतर करार समोर येतो. तोवर परत फिरायला खिशात पैसे उरलेले नसतात.

सही कशी घेतात ते नीट सांगतो. सकाळी डीओटीची (अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमांप्रमाणे) वैद्यकीय तपासणी, मग लघवीची आणि केसांची ड्रग टेस्ट, मग दुपारभर व्हिडिओ. संध्याकाळी, सगळे पेंगुळलेले असताना, हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये टॅबलेट फिरवले. पानाच्या तळाशी पिवळा चौकोन, त्यात बोटाने सही करायची, की लगेच पुढचं पान. पान वर सरकवून वाचता येत होतं, पण समोर उभी असलेली बाई दर दोन मिनिटांनी सांगत होती की यार्डाची बस सुटायची वेळ झाली आणि हे सगळे नेहमीचेच कागद आहेत. प्रत मागितली तर म्हणाली, पोर्टलवर येईल. ती पोर्टलवर आली तेव्हा आमचं ट्रेनिंग निम्मं उरकलं होतं.

त्या रात्री मी ती प्रत शब्द न् शब्द वाचली. ट्रेनिंगची किंमत साडेसहा हजार डॉलर, आणि ते कर्ज म्हणून माझ्या नावावर. वर्ष पूर्ण होण्याआधी नोकरी ‘कोणत्याही कारणाने’ संपली तरी पूर्ण रक्कम एकरकमी देणं. म्हणजे मी सोडली तरी मीच देणार आणि त्यांनी काढलं तरी मीच. जितके महिने काम केलं तितकी रक्कम कमी होईल, असं कुठेच नाही. अकराव्या महिन्यात काढून टाकलं तरी आकडा तोच. आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ, की कंपनी ठरावीक मैलांचं काम देण्यास बांधील नाही. वर्षभर बांधील मी एकटाच. बसचं तिकीट, हॉटेल आणि वैद्यकीय तपासणी यांचे पैसे पगारातून कापले जाणार होते, ते वेगळंच.

शाळेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 7 फेब्रुवारी 2022 पासून नव्या ड्रायव्हरला सरकारी नोंदणी असलेल्या ठिकाणीच ट्रेनिंग घ्यावं लागतं, हा नियम चांगला आहे. पण त्या केंद्रीय नियमात प्रत्यक्ष किती तास गाडी चालवायला मिळाली पाहिजे, याचा किमान आकडाच नाही. प्रशिक्षकाने ‘जमतंय’ म्हटलं की झालं. आमच्याकडे एका ट्रकमागे इतकी मुलं होती की दिवसाचा बराच वेळ यार्डात उन्हात उभं राहून दुसऱ्याचं रिव्हर्स बघण्यात जायचा. शिकाऊ परमिट मिळाल्यावर 14 दिवस होईपर्यंत परीक्षा देता येत नाही. ते दिवस भरले, की परीक्षेत जेवढं विचारतात तेवढं घोटून घेऊन पुढे ढकललं. ट्रक ऑटोमॅटिक होते, त्यामुळे लायसन्सवर ‘ई’ ही मर्यादा आली, म्हणजे मॅन्युअल गिअरचा ट्रक चालवता येत नाही. हेही आधी कुणी सांगितलं नव्हतं. डंपर किंवा सिमेंटच्या गाड्या चालवणाऱ्या छोट्या मालकांकडे जायचं असेल तर ही मर्यादा आडवी येऊ शकते.

खरी लूट सुरू होते ती लायसन्स मिळाल्यावर, ट्रेनरच्या ट्रकमध्ये. परमिटवर असताना लायसन्सवाला माणूस शेजारच्या सीटवर बसलेला असणं कायद्याने सक्तीचं आहे. पण लायसन्स हातात पडलं की ती सक्ती संपते, आणि ट्रेनर मागच्या बंकवर झोपू शकतो. एका ड्रायव्हरला एका शिफ्टमध्ये 11 तासच चालवता येतं, त्याआधी सलग 10 तास विश्रांती हवी. दोघं आलटून पालटून चालवत असतील तर तोच ट्रक जवळजवळ अखंड धावतो. ट्रकने कापलेल्या सगळ्या मैलांचे पैसे ट्रेनरला, आणि मला आठवड्याला ठरलेली तुटपुंजी रक्कम. कंपनीला टीमचं काम मिळतं, तेही एका नवख्याच्या पगारात. याला ते ट्रेनिंग म्हणतात.

वायोमिंगमधली एक रात्र सांगतो. इंटरस्टेट 80 वर लॅरमी ते रॉलिन्स हा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे, तिथे हलके ट्रेलर आडवे होतात. आमचा ट्रेलर जवळपास रिकामा होता. रस्त्यावरच्या बोर्डावर वाऱ्याचा इशारा झळकत होता, ट्रेलर लेनच्या रेषेकडे ओढला जात होता आणि स्टिअरिंग सारखं वारा येत होता त्या बाजूला धरून ठेवावं लागत होतं. मी पडद्यामागे झोपलेल्या ट्रेनरला हाक मारली. “स्लो चालव, आणि मला उठवू नकोस, सकाळी माझी पाळी आहे.” मी पुढच्या ट्रक स्टॉपवर गाडी आत घेतली आणि थांबलो. तो उठून माझ्यावर ओरडला, आम्हाला काम वाटून देणाऱ्या डिस्पॅचरला फोन लावला, आणि माझ्या नावावर उशिराची नोंद झाली. जे नंतर कळलं ते इथे लिहून ठेवतो. सुरक्षिततेचे नियम मोडायला ड्रायव्हरवर जबरदस्ती करणं केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे. नियम मोडायला किंवा धोकादायक स्थितीत गाडी न्यायला नकार दिला म्हणून कामावरून काढलं, तर 180 दिवसांच्या आत ओशाकडे, म्हणजे कामगारांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडे, तक्रार करता येते. डिस्पॅचरचे मेसेज म्हणूनच कधी पुसू नका.

माझ्याच बॅचला एक मुलगा होता, वयाने लहान, घरी बायको आणि तान्हं बाळ. त्याच्या ट्रेनरने त्याला डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या दारावर, एकदाही ट्रेलर मागे लावू दिला नाही, कारण तो स्वतः पाच मिनिटांत लावायचा आणि नवखा अर्धा तास घ्यायचा. पोराला मिळाले ते फक्त हायवेचे मैल. मग त्याला एकट्याला ट्रक दिला. पहिल्या काही आठवड्यांतच एका गोदामात मागे घेताना शेजारच्या उभ्या ट्रकच्या बॉनेटला ट्रेलर घासला. कंपनीने ‘टाळता येण्याजोगा अपघात’ असा शिक्का मारून त्याला काढलं आणि त्याच आठवड्यात ट्रेनिंगच्या पूर्ण रकमेचं पत्र धाडलं. जे शिकवलंच नाही ते येत नाही म्हणून नोकरी गेली, आणि शिकवल्याचे पैसे मात्र मागितले. त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता. माझ्या स्वतःच्या बिलापेक्षा मला या गोष्टीचा राग जास्त आहे.

माझ्यावर वेगळा डाव टाकला गेला. एकट्याने चालवायला लागलो, तसं ‘स्वतःचा मालक हो’ म्हणून लीजवर ट्रक घेण्याचा तगादा सुरू झाला. ट्रक कंपनीचाच, हप्ता कंपनीलाच, काम कंपनीचंच, पण डिझेल, विमा, टायर, दुरुस्तीचा राखीव निधी हे सगळं ड्रायव्हरच्या गळ्यात. काम कमी मिळालं तरी हप्ता ठरलेला. ट्रक स्टॉपवर मी अशा माणसांशी बोललो आहे, जी आठवडाभर चालवून शुक्रवारी कंपनीलाच देणं लागत होती. या पद्धतीबद्दल केंद्र सरकारनेच नेमलेल्या एका टास्क फोर्सने जानेवारी 2025 मध्ये अहवाल दिला आणि असे लीज-पर्चेस कार्यक्रम बंद करावेत अशी शिफारस काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, केली. तुमच्यापैकी कुणी आधीच अशा लीजमध्ये असेल तर एवढं माहीत असू द्या, की कोणते पैसे कापणार हे लेखी करारात असावंच लागतं, आणि करार संपल्यावर 45 दिवसांच्या आत राखीव निधीचा हिशोब करून उरलेली रक्कम परत द्यावी लागते.

मी लीजला ठाम नकार दिला. त्यानंतर माझं काम आटलं. एक लोड पोचवला की दीड-दोन दिवस ट्रक स्टॉपवर बसून राहायचं. पगार मैलावर, त्यामुळे बसलेल्या वेळेचे पैसे नाहीत. मैलही कंपनीच्या सॉफ्टवेअरने मोजलेले, माझ्या ओडोमीटरपेक्षा दर वेळी कमी. इथे कायद्याचा एक बारकावा आहे. राज्याराज्यांतून माल नेणाऱ्या ड्रायव्हरला केंद्रीय ओव्हरटाइम बहुतेक लागू नसतो, पण किमान वेतन लागू असतं, ते केंद्राचं तासाला 7.25 डॉलर आहे आणि अनेक राज्यांत त्याहून जास्त. कामाच्या तासांची स्वतःची नोंद ठेवली, तर एखाद्या आठवड्याचा पगार त्याखाली घसरला का हे दाखवता येतं. मी वहीत लिहीत होतो, आणि त्याच वहीवर माझी राज्याच्या कामगार खात्यातली तक्रार उभी आहे.

शेवटी नोकरी सोडली. सोडताना एक गोष्ट फार महत्त्वाची: ट्रक कुठेतरी रस्त्यात ठेवून निघून जाऊ नका, कितीही संताप आला तरी. त्याची ‘ट्रक सोडून पळाला’ अशी नोंद तुमच्या डॅक रिपोर्टवर, म्हणजे ड्रायव्हरच्या आधीच्या नोकऱ्यांच्या नोंदवहीत, होऊ शकते, आणि पुढच्या बऱ्याच कंपन्या तो रिपोर्ट बघतात. मी ट्रक टर्मिनलवर नेला, आतून-बाहेरून व्हिडिओ काढला, ओडोमीटरचा फोटो घेतला, चावी दिल्याची सही घेतली. तरीही त्यांनी खोटी नोंद टाकलीच होती. तो रिपोर्ट तुम्हाला वर्षातून एकदा फुकट मागवता येतो आणि चुकीच्या नोंदीवर लेखी हरकत घेता येते. माझ्या फोटोंमुळे ती नोंद निघाली, आणि म्हणूनच मला दुसरी नोकरी मिळाली.

वसुलीचं पत्र आलं की घाबरून पहिला हप्ता भरू नका. 30 दिवसांच्या आत लेखी कळवा की हे कर्ज मला मान्य नाही, पुरावा द्या. पुरावा येईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. पत्र रजिस्टर्ड पाठवा, पोच जपून ठेवा. मला उत्तरादाखल जो हिशोब आला, त्यात पगारातून आधीच कापलेलं बसचं तिकीट आणि हॉटेल पुन्हा धरलं होतं. पगाराच्या स्लिपा हाताशी नसत्या तर ते मला कळलंही नसतं. आता माझ्या बाजूने एक वकील बघतोय.

आणि जे अजून कुठेच गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी. रिक्रूटरशी फोनवर जे बोलणं होईल ते लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याच्याकडून ‘हो’ असं लेखी उत्तर घ्या. करार घरी बसून वाचायला मागा. कर्जाची रक्कम दर महिन्याला कमी होते का, कंपनीने काढलं तर काय, आठवड्याला किमान किती पगाराची हमी, ट्रेनर जागा असताना किती दिवस चालवायला मिळेल, हे विचारा. उत्तर टाळलं तर तिकीट घेऊ नका. सगळ्याच कंपन्या अशा नसतात. काही कंपन्या महिन्यागणिक रक्कम माफ करत जातात, आणि तसं करारात स्पष्ट लिहिलेलं असतं.

मुळात कंपनीच्या पैशांवर शिकणं हाच एक मार्ग नाही. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांत सीडीएलचा कोर्स असतो. आणि 2014 च्या वायोआ या रोजगार-प्रशिक्षणाच्या केंद्रीय कायद्याखाली पात्र लोकांना अशा ट्रेनिंगसाठी सरकारी पैसा मिळू शकतो, त्यासाठी तुमच्या भागातल्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन अर्ज करायचा. ग्रीन कार्डवाल्यांनाही अर्ज करता येतो. निर्णयाला काही आठवडे लागतात, कागदपत्रं द्यावी लागतात, आणि शाळा त्यांच्या यादीतली हवी. पण लायसन्स मिळतं तेव्हा तुम्ही कुणाचंच काही देणं लागत नाही, आणि पहिली कंपनी पटली नाही तर दुसरीकडे जाता येतं.