सोलापूर रस्त्यावरची गवताची नर्सरी: वाळा घ्या, पंपासचा नाद सोडा

पुण्याहून सोलापूरकडे जाताना उरुळीकांचनच्या आसपास नर्सऱ्यांची जी रांग लागते, त्यातलीच ही एक. नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. पण उंच, शोभेचं गवत लावायचं असेल तर त्या पट्ट्यात मला सगळ्यात कामाची वाटली ती हीच. बाकी ठिकाणी गवत म्हटलं की लॉनचे चौरस फुटाचे भाव सांगतात आणि विषय संपतो.

माझी गरज आधी सांगते. तळेगावच्या आमच्या रो-हाऊसला पश्चिमेकडे कंपाउंडची भिंत आहे. दुपारपासून तापते आणि पलीकडे शेजाऱ्यांचं पार्किंग दिसतं. झाड लावलं तर मुळं भिंतीत शिरणार, वेल सोडला तर पावसाळ्यात भिंत ओली राहणार. मला माणसाच्या उंचीचं, वाऱ्यावर हलणारं आणि वर्षातून एकदाच हात लावावा लागेल असं काहीतरी हवं होतं.

नर्सरीचे मालक काका साठीच्या पुढचे, स्वतः रोपं फोडणारे. मी गेल्या गेल्या पंपास मागितलं, म्हणजे कापसासारख्या मोठ्या तुऱ्यांचं उंच गवत. इन्स्टाग्रामवर सगळ्यांच्या लग्नाच्या मांडवात असतं तेच. "पंपास नाय ठेवत ताई. गिऱ्हाईक परत येऊन भांडतं." कारण त्यांनी नीट सांगितलं. बियांपासून केलेल्या रोपाला तुरा कसा येईल याचा भरवसा नाही. भरघोस, कापसासारखा तुरा मादी रोपाला येतो, बाकीच्या रोपांचा बारीक आणि किरटा निघतो. त्यात पातीला करवतीसारखी धार, लहान मुलं असतील तर हात कापून घेणार. हे गवत मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आणि न्यूझीलंडमध्ये तर ते इतकं माजलं की तिथे त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. माझ्या जावेनं एका ऑनलाइन दुकानातून 'निळ्या पंपासचं बी' मागवलं होतं. निळा पंपास निसर्गात नसतोच, ते तुरे रंगवलेले असतात. तिच्या कुंडीत जे उगवलं ते बांधावरचं साधं गवत निघालं. विकायची संधी असून 'घेऊ नका' म्हणणारा दुकानदार मला आवडतो, त्यामुळे इथेच माझं अर्धं मत झालं.

पंपासऐवजी काकांनी पर्पल फाउंटन ग्रास दाखवलं. वाइनच्या रंगाची पाती, वर कोल्ह्याच्या शेपटीसारखे झुकलेले तुरे. १२० रुपये पिशवी, घासाघीस केल्यावर १००. कडक ऊन लागतं, सावलीत पाती हिरवट पडतात, म्हणून माझ्या भिंतीला अगदी योग्य. या जांभळ्या जातीला रुजणारं बी सहसा धरत नाही, हा मोठा फायदा. तिची हिरवी बहीण मात्र घेऊ नका. तिचं बी वाऱ्यानं सगळीकडे जातं. हवाईमध्ये तिच्या वाळक्या गवतानं वणवे भडकतात, आणि युरोपीय संघानं २०१७ मध्ये तिला उपद्रवी परक्या जातींच्या यादीत टाकलं. काकांकडे दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या आणि दोन्हींवर लेबल एकच! कोवळ्या रोपांत रंग नीट कळत नाही. विचारून, पात मागून-पुढून बघून घ्या.

लेबलांचा हा घोळ सगळीकडेच आहे. 'अंब्रेला ग्रास' म्हणून जे विकतात ते गवत नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे आणि त्याला पाय सतत ओले लागतात. एसीचं पाणी गळतं तिथे मी ते लावलं, तिथे ते खूश आहे. भिंतीपाशी लावलं असतं तर एप्रिलमध्ये गेलं असतं.

पण खरी खरेदी झाली ती मागच्या कोपऱ्यात, औषधी वनस्पतींच्या शेडमध्ये. वाळा. ३० रुपये! उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. याला कुणी शोभेचं गवत म्हणत नाही, हेच मला कळत नाही. पाच-सहा फूट सरळ वाढतो, पावसाळ्याच्या शेवटी जांभळट तुरे येतात, आणि मुळं आडवी न पसरता थेट खाली, तीन मीटरपर्यंतही जातात. म्हणजे भिंतीला त्रास नाही. उतारावरची माती धरून ठेवायला जागतिक बँकेनं १९८० च्या दशकात भारतात याचाच प्रसार केला होता. फुटवे फूटभर अंतरानं लावले की दुसऱ्या पावसात भरगच्च कुंपण होतं. माठासाठी मुळं हवी असतील तर एक रोप वेगळं, सिमेंटच्या रिकाम्या गोणीत लावा. जमिनीतला वाळा उपटणं म्हणजे कुदळीचं काम.

देखभालीचा सल्ला फुकट मिळतो, आणि तो इथल्या हवेचा असतो. युरिया नको, पाती लुसलुशीत होऊन पहिल्या पावसात लोळतात. मूठभर शेणखत पुरे. फाउंटन ग्रास फेब्रुवारीअखेर, वाळा पावसाच्या तोंडावर कापायचा. आधी सगळा झुबका सुतळीनं घट्ट बांधायचा, मग विळ्यानं वीतभर उंचीवर खालून कापायचा, म्हणजे पेंढी अख्खी हातात येते आणि अंगणभर कचरा होत नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. दोन-तीन वर्षांनी झुबका मधोमध वाळून टक्कल पडतं. तेव्हा जूनमध्ये उकरून फोडायचा आणि कडेचे फुटवे परत लावायचे. शेजारच्या आजींनी सापांचं विचारलंच. दाट गवतात उंदीर आणि उंदरांमागे साप, ही भीती खोटी नाही. दारापासून लांब लावा, बुडखा साफ ठेवा.

तक्रार पिशव्यांच्या मातीची. नुसती लाल माती ठोकून भरलेली, वाळली की वीट. वरून घातलेलं पाणी कडेनं वाहून जातं आणि आत मुळं कोरडी. लावण्याआधी पिशवी बादलीत बुडवून ठेवा आणि तळाला गुंडाळलेली मुळं सोडवा. काकांना सांगितलं तर हसले. सगळीकडे हेच चालतं, म्हणाले. चालत असेल, पण १०० रुपये घेऊन चालू नये.

रविवारी जाऊ नका, काका सोसायट्यांच्या ऑर्डरीत असतात आणि पोरांना गवतातलं काही कळत नाही. सकाळी दहाच्या आत गेलात तर स्वतः फिरून दाखवतात. यूपीआय चालतं. गाडीच्या डिकीत तुरे मोडतात, तेव्हा घरूनच सुतळी न्या. मी रोशा गवताचं विचारून ठेवलंय, आपल्या डोंगरांवरचंच पण नर्सरीत न दिसणारं. पावसाआधी फोन करा, म्हणाले.