लिहिणाऱ्यांसाठी अत्तरांचा नमुना-संच: घ्यावा का?

वाळा, मिट्टी, केवडा, गुलाब आणि हिना अशा पाच छोट्या कुप्यांचे कनौजी अत्तरांचे संच बाजारात मिळतात. अंगाला लावायला ते कसे आहेत हा विषय वेगळा. इथे प्रश्न एवढाच, की कथा-कवितेत वास लिहिण्याच्या सरावाला ते उपयोगी पडतात का. पडतात, पण वापरायची रीत सोबतच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ते तर आधी वाचूच नये. त्यातलं ‘मोहक’, ‘स्वर्गीय’ डोक्यात बसलं की तेच कागदावर उतरतं.

आधी कुप्यांवरची नावं चिकटपट्टीने झाका, आकडे घाला आणि दुसऱ्या कुणाला तरी त्यांची जागा बदलायला सांगा. मिट्टी हे नाव दिसलं की दहातले नऊ जण ‘पहिला पाऊस’ लिहून मोकळे होतात. ते अत्तर भाजलेल्या मातीचा अर्क चंदनतेलात उतरवून करतात. नाव न कळता हुंगलं तर कुणाला त्यात कोरडा माठ सापडतो, कुणाला बंद कोठीघर.

चित्रकलेच्या जाड कागदाची बोटभर पट्टी कापा, तिच्या टोकाला काडीने जेमतेम थेंब लावा आणि अर्ध्या मिनिटाने नाकापासून इंचभर लांब धरा. लगेच दोन ओळी लिहा, पाव तासाने पुन्हा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. या तीन नोंदींतला फरक हाच खरा माल. वास बदलतो, म्हणजे त्याला काळ असतो, आणि काळ आला की वर्णनात हालचाल येते. एका बैठकीला तीनच वास घ्या. पुढे नाक बोथट होतं आणि सगळंच गोड वाटू लागतं. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, खिडकीतली हवा पुरते.

लिहिताना ‘सुगंध’ आणि ‘दरवळ’ हे दोन शब्द वर्ज्य ठेवा. ‘माजघरात मंद सुगंध दरवळत होता’ यात नाकाला काहीच मिळत नाही. ‘दार ढकललं तशी वाळ्याची ओल अंगावर आली आणि त्याने आवाज खाली आणला’ यात वासाला गारवा आहे आणि माणसावर परिणामही. विशेषण एकच ठेवा. तीन लावली की एकही पोचत नाही.

संचाची मोठी उणीव म्हणजे यात सगळे वास चांगलेच. गोष्टीला कुबट, खवट, करपट, आंबूस हेही लागतात. ते घरात फुकट आहेत: जुनं शेंगदाणा तेल, न वाळलेलं पायपुसणं, डांबरगोळ्यांची ट्रंक. हिना नवख्यांनी मागे ठेवावं. अनेक वनस्पती आणि मसाल्यांचं ते मिश्रण, एक धागा धरेपर्यंत दुसरा सुटतो.

अत्तराला आधार म्हणून लागणारं खरं चंदनतेल महाग असल्याने स्वस्त कुप्यांत त्याऐवजी बहुधा लिक्विड पॅराफिन, म्हणजे बिनवासाचं खनिज तेल असतं. सरावाला तेही चालतं, त्वचेला लावू नका. पैसे जपायचे तर पूर्ण संचाऐवजी वाळा आणि मिट्टी सुट्या घ्या. दमा किंवा अर्धशिशी असेल तर तेही नको, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर भागवा.