गोळी की टाके?
भाऊजींचं फुप्फुस बदललं, पण जेवून आडवं झालं की घशाशी आंबट येणं काही थांबेना. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात याला आजार म्हणतं कोण! पण नव्या फुप्फुसाच्या, खोकल्याची जाणीव देणाऱ्या नसा तुटलेल्या असतात. घशाशी आलेलं फुप्फुसात उतरलं, तर खोकून नीट निघत नाही, अन् क्रॉनिक रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं नवं फुप्फुस हळूहळू नाकारण्याचा, धोका वाढतो.

पॅन्टोप्राझोल ही पित्ताची गोळी स्वस्त, तालुक्याला मिळते. ती जठरातलं आम्ल कमी करते, एवढंच. यकृतातलं पित्त अन् पेप्सिन हा जठरातला पाचक रस वर यायचा तो येतोच. फंडोप्लिकेशन या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीतून जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून टाके घालतात, म्हणजे वाटच आवळली जाते. नंतर ढेकर नीट येत नाही, पोट फुगतं; नागपूरच्या फेऱ्या वेगळ्याच. तरी तपासणीत जठरातलं उलटं वर येणं पक्कं ठरलं, अन् डॉक्टर हो म्हणाले, तर माझा कौल ऑपरेशनला. तोवर खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, रात्रीचा ठेचा बंद.