लॅपटॉपला जीपीएस जोडायचाय: यूएसबी, ब्लूटूथ, सिरियल की फोन?

बोटीवर किंवा गाडीत लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यावर नकाशा हवा असेल, तर रिसीव्हर कोणता घ्यायचा यापेक्षा तो जोडायचा कसा, हे आधी ठरवा. अडतं ते बहुधा जोडणीतच. बाकी मार्ग कोणताही असो, संगणकापर्यंत सहसा एकच गोष्ट पोचते: एनएमईए ०१८३ (बोटीवरची उपकरणं एकमेकांना माहिती देतात ती ठरलेली पद्धत) या पद्धतीच्या मजकुराच्या ओळी, साधारण सेकंदाला एकदा. आरएमसी नावाच्या ओळीत वेळ, स्थान, वेग आणि दिशा. जीजीए नावाच्या ओळीत उंची आणि वापरात असलेल्या उपग्रहांची संख्या.

माझं मत सरळ यूएसबीला. वीज संगणकातूनच मिळते, त्यामुळे चार्जिंगची काळजी नाही. वायरमुळे रिसीव्हर लॅपटॉपपासून दूर, आकाश दिसेल अशा जागी ठेवता येतो. हे महत्त्वाचं, कारण उपग्रहाचा संदेश अतिशय क्षीण असतो आणि धातूचं छत तो अडवतं. वायर मात्र पाच मीटरच्या आत ठेवा.

यूएसबीचे दोन त्रास आधीच माहीत असू द्या. रिसीव्हर दुसऱ्या खाचेत लावला की कॉम पोर्टचा (विंडोजमध्ये रिसीव्हरची माहिती ज्या पोर्टवर येते त्याचा) नंबर बदलू शकतो आणि नकाशाचं सॉफ्टवेअर जुन्याच पोर्टवर वाट पाहत बसतं. दुसरा त्रास अधिक चक्रावणारा: रिसीव्हर लावलेला असताना संगणक चालू केला, तर विंडोज कधीकधी त्याला सिरियल माउस (जुन्या सिरियल पोर्टला लागणारा माउस) समजतं आणि माउसचा बाण पडद्यावर सैरावैरा पळू लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'सिरियल बॉलपॉइंट' नावाची नोंद शोधून ती डिसेबल करा. पुसून टाकलीत तर ती पुन्हा उगवते.

ब्लूटूथमध्ये वायरीचा गुंता नाही. रिसीव्हर हवा तिथे ठेवा. पण त्याची बॅटरी सांभाळावी लागते, आणि लॅपटॉप झोपून उठला की जोडणी तुटलेली असू शकते. विंडोजवर जोडी जुळवल्यावर इनकमिंग आणि आउटगोइंग असे दोन पोर्ट दिसले, तर सॉफ्टवेअरमध्ये आउटगोइंग निवडा.

नऊ पिनांचा सिरियल रिसीव्हर आता फक्त बोटीवर आधीपासून बसवलेला असेल तरच. लांब वायर त्याला चालते, पण वीज वेगळी द्यावी लागते आणि लॅपटॉपसाठी यूएसबी कन्व्हर्टर लागतो. माहिती येण्याचा वेग सॉफ्टवेअरमध्ये ४८०० बॉड (सिरियल जोडणीच्या वेगाचं एकक) ठेवा. तो चुकला की पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं येतात. सुटं ३.३ व्होल्टचं जीपीएस मॉड्यूल असेल, तर ते आरएस-२३२ पोर्टला, म्हणजे या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टला, थेट जोडू नका, जळेल.

फोनमधला जीपीएस एखाद्या अ‍ॅपमार्फत वाय-फायवरून ओपनसीपीएनसारख्या सागरी नकाशाच्या सॉफ्टवेअरला देता येतो. काही विकत घेण्याआधी जमतंय का पाहायला हा उत्तम मार्ग. लांबच्या प्रवासात मात्र फोन तापतो आणि बॅटरी भराभर उतरते.

एकाच वेळी दोन प्रोग्रॅमना स्थान हवं असेल, तर विंडोजवर कॉम पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो. तो वाटून देणारं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागेल. लिनक्सवर हे काम जीपीएसडी नावाचा प्रोग्रॅम करतो, २९४७ या नेटवर्क पोर्टवरून.